वेगळा पेला

मागील वर्षी आमच्या धर्मग्रामाचा सण आटोपल्यावर गावच्या कबड्डी संघातील काही तरुण माझ्या घरी आले. चर्चच्या आवारातील एक लहानशी खोली फादरांनी त्यांस खेळाचे साहित्य ठेवण्यासाठी दिली होती. तिच्या भिंतींवर थोर खेळाडूंची चित्रे लावावी, असा त्यांचा मानस होता. त्यांनी आणलेली यादी मी वाचून पाहिली. सारी नावे आजच्या क्रिकेटवीरांची होती. मी यादीच्या शेवटी एक नाव लिहिले : बाळू पालवणकर.

“गुरुजी, हे कोण?” मुलांनी विचारले.

त्या दिवशी त्यांस जे सांगितले तेच वाचकांपुढे ठेवतो. आणि जे सांगावयाचे धैर्य त्या दिवशी झाले नाही, तेही ठेवतो.

बाळूंचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धारवाड येथे, म्हणजे आजच्या आपल्याच कर्नाटकात, एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील पुण्यास लष्करी नोकरीत होते. पुण्यातील इंग्रजांच्या क्लबात बाळू दरमहा ४ रुपये पगारावर मैदानाची निगा राखणे, खेळपट्टी लाटणे, सरावाची जाळी बांधणे ही कामे करीत. जे. जी. ग्रेग नावाचा एक इंग्रज फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून चेंडू टाकवून घेई. बाळूंनी त्यास बाद केले की तो प्रत्येक वेळी आठ आणे देई, असे सांगतात. अशा रीतीने असंख्य चेंडू टाकून बाळू डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीत पारंगत झाले. हातात फळी घेऊन खेळण्याची संधी मात्र त्या मैदानावर त्यांस कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघास इंग्रजांना हरवावयाचे होते, म्हणून बाळूंस संघात घेण्यात आले. परंतु त्यांचा चेंडू चालत होता, त्यांचा पेला चालत नव्हता. ज्यांनी टाकलेला चेंडू सारे गडी बिनदिक्कत हाती घेत, त्यांसच चहाच्या सुट्टीत बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. बाकीचे आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून पीत. जेवणाची पंगतही वेगळी होती. जो माणूस आपल्याबरोबर खेळतो त्यास आपल्याबरोबर खाऊपिऊ न देणे योग्य नव्हे, असे न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषास जाहीरपणे सुचवावे लागले.

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईस गेले. तेथे हिंदू जिमखान्याच्या संघाने १९०६ साली युरोपियन संघावर १०९ धावांनी विजय मिळविला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा हात होता. १९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात संघाने बहुतेक सामने गमावले. बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले. एवढे झाले, तरी कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. शेवटी १९२० साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाच्या निषेधार्थ खेळण्यास नकार दिला. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावाने जे बी पेरले त्याचे पीक धाकट्याच्या शेतात आले. बाळूंचे १९५५ साली मुंबईत निधन झाले.

आता विचार करा. आपल्या देशातील सर्वांत प्रतिष्ठेचा करंडक रणजितसिंहजींच्या नावाने आहे; दुसरा त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी यांच्या नावाने आहे. दोघेही थोर फलंदाज होते यात शंका नाही. परंतु दोघांनीही कसोटी सामने खेळले ते इंग्लंडतर्फे. ज्यास भारताचा पहिला थोर गोलंदाज म्हणतात, त्याच्या नावाने देशातील एकही मोठा राष्ट्रीय करंडक नाही. गरज सरो आणि वैद्य मरो, अशी आपल्याकडे म्हणच आहे.

कोणी म्हणेल, मेलेल्या माणसास आता मान देऊन काय उपयोग? माझे उत्तर असे की, हा मान त्यांच्यासाठी नाहीच. तो संघासाठी आहे. जो संघ आपला विजय कोणामुळे झाला हे विसरतो, त्यातील तरुण गडी मनात एवढेच शिकतो की, पाय थकले की आपलीही तीच गत होणार. प्रभूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानण्यास परत आला. परत न आलेल्या नऊ जणांची कातडी शुद्ध झाली खरी, परंतु त्यांच्या अंतःकरणाचे काय झाले?

मुलांस मी येथवर सांगितले आणि थांबलो. पुढचे सांगावयास जीभ वळेना. कारण पुढची गोष्ट पुण्याची नव्हती, आमची होती.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मीही गावच्या संघात होतो. आमच्यातील सर्वोत्तम गडी आज गावात अण्णा या नावाने ओळखला जातो. तो चढाईस गेला की रिकाम्या हाताने परतत नसे. एकदा आम्ही शेजारच्या एका गावी जत्रेच्या सामन्यांस गेलो. अण्णाच्या बळावर जिंकलो. सामना संपल्यावर यजमानांनी चहा दिला. आम्हा सर्वांस कपबश्या मिळाल्या. अण्णास गोठ्याच्या वळचणीतून काढलेला एक वेगळा पेला मिळाला. अण्णाने आमच्याकडे पाहिले. आम्ही सारे आपापल्या कपाकडे पाहत होतो. मीही पाहत होतो. आणि त्याच दिवशी सकाळी मी मिस्सा ऐकून, वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारून निघालो होतो. ज्या मेजावर प्रभू सर्वांस एकच भाकर देतो, तेथून उठून आलेला मी एका पेल्याविषयी एक शब्द बोललो नाही.

ही बसवकल्याणची भूमी आहे. बाराव्या शतकात येथे महात्मा बसवेश्वरांनी हरळय्या नावाच्या चर्मकार शरणास आपल्या बरोबरीचे मानले. त्या भूमीत राहून आणि प्रभूचे नाव घेऊन आम्ही त्या दिवशी गप्प राहिलो. यजमानांस दोष देणे सोपे आहे. परंतु यजमान अण्णाचे कोणी नव्हते. आम्ही त्याचा संघ होतो.

अण्णा आज वृद्ध झाला आहे. सणाच्या दिवशी सामने चालू असता तो मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसतो आणि निमूटपणे पाहतो. बक्षीस-समारंभात दरवर्षी देणगीदारांची नावे वाचली जातात. अण्णाचे नाव आजवर एकदाही वाचलेले नाही, आणि कित्येक वर्षे ती यादी लिहिणारा मीच होतो.

म्हणून माझी तरुणांस विनंती आहे. भिंतीवर बाळू पालवणकरांचे चित्र अवश्य लावा. पण त्याखाली हार घालून मोकळे होऊ नका. येत्या सणास अण्णास मैदानाच्या मध्यभागी खुर्ची द्या. शाल पांघरा, नारळ द्या, आणि त्याने कोणते सामने जिंकून दिले ते मोठ्याने वाचून दाखवा. यादी मी लिहून देईन. अजून सारी माझ्या ध्यानात आहे. आणि मग चहा द्या. पहिला कप अण्णास द्या, आणि त्याच किटलीतून, तसल्याच कपात, त्याच्या शेजारी बसून सर्व संघाने चहा घ्यावा.

त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसणार आहे. पन्नास वर्षांपूर्वी जे बोलावयास हवे होते, ते त्या दिवशी त्याच्यापाशी बोलण्याचे बळ मला लाभावे, यासाठी वाचकांनी एक प्रार्थना करावी.