थंडी पळायच्या आधी

होळी जळाली, थंडी पळाली. ही म्हण आमच्या निफाडकडे खरी आहे आणि फरीदाबादलाही काही खोटी नाही. पण टोमॅटोची रोपं तयार ठेवून कुणी तिच्यावर विसंबून राहिलं, तर एप्रिलमध्ये त्याच्या वाट्याला नुसती हिरवीगार झाडं येतात. फळ येत नाही.

निफाडला आम्हाला थंडीचं भारी कौतुक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात आमचं नाव. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, लोक अंधारात उठून मोटारी चालू करतात आणि वेलींच्या बुडाशी पाणी सोडतात. पण त्या थंडीचा आणि टोमॅटोचा फारसा संबंध येत नाही. आमच्याकडचा टोमॅटो मुख्यतः पावसाळी. जून-जुलैत लागवड, मग बांबू, तार, सुतळी, बांधणी. आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटच्या थप्प्या. लागवड कधी करायची हे पावसावर ठरतं, आणि खरं सांगायचं तर पावसापेक्षा भावाच्या अंदाजावर जास्त ठरतं. वसंतात टोमॅटो नेमका कुठल्या आठवड्यात लावावा, हा प्रश्न मी माहेरी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

नवऱ्याच्या नोकरीपायी फरीदाबादला आले, गच्चीवर कुंड्या मांडल्या, तेव्हा कळलं की इथं टोमॅटो दोनदा लावतात. एकदा पावसाळा सरता सरता आणि दुसऱ्यांदा थंडीच्या शेपटाला. पहिल्या खेपेला फार डोकं चालवावं लागत नाही. दुसरी खेप मात्र आठवडा-पंधरवड्याच्या फरकानं साधते किंवा हुकते.

त्या खेपेचं बी नोव्हेंबरात टाकायचं. नारायणगावच्या रोपवाटिकांत ट्रेमधलं रोप महिन्याभरात लागवडीला येतं. इथं तेच रोप डिसेंबर-जानेवारीत दोन-दोन महिने रेंगाळतं. सकाळी अकरापर्यंत सूर्य दिसत नाही, काही दिवस तर दिसतच नाही. माती गार पडली की मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही, म्हणून पानं उलटून पाहिली तर शिरा जांभळ्या झालेल्या दिसतात. नवखा माणूस रोग समजून फवारणीच्या मागे लागतो. औषध काही नको असतं, चार दिवस ऊन मिळालं की पानं आपोआप हिरवी होतात.

धुक्याचीही एक गंमत आहे. दिल्लीकडच्या हिवाळ्यात सगळेजण धुक्याच्या नावानं बोटं मोडतात. गाड्या उशिरा, विमानं उशिरा. रोपाला मात्र रात्री धुकं असलेलं बरं. ढग आणि धुकं जमिनीची ऊब वर निसटू देत नाहीत. भीती असते ती वेगळ्या रात्रीची. पश्चिमी झंझावात येऊन गेला, हिमालयात बर्फ पडलं, इथं चार थेंब शिंतडून आभाळ लख्ख झालं आणि संध्याकाळी वाराही पडला, की त्या रात्री रोपं आत घ्यायची. गच्चीत उभं राहून चांदण्या फार सुंदर दिसायला लागल्या तर समजावं, पहाटे दहिवर गोठणार. यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीत, आणि तिगावकडच्या उघड्या शेतांत ते आधी गोठतं. शहरातल्या सिमेंटच्या गच्च्या दिवसभराचं ऊन धरून ठेवतात, म्हणून आम्ही थोडे सुखात.

मग रोपं बाहेर काढायची कधी?

शेजारच्या बीजींकडे याचं उत्तर तयार असतं. त्यांचे वडील फाळणीत बन्नूहून इथं आले. एन.आय.टी. म्हणून जो भाग ओळखला जातो तो त्या निर्वासितांसाठी वसवलेला. 1949 साली फरीदाबाद विकास मंडळ नेमलं गेलं आणि त्याचे अध्यक्ष होते राजेंद्रप्रसाद. पुढे ते राष्ट्रपती झाले हे सर्वांना माहीत असतं, फरीदाबादच्या विटांशीही त्यांचा संबंध होता हे फरीदाबादकरांनाही ठाऊक नसतं. असो. बीजी पंजाबीत सांगतात, ‘आई बसंत, पाला उडंत, पुत्तर.’ पाला म्हणजे थंडी. वसंत पंचमी आली की थंडी उडाली.

आता या दोन म्हणी शेजारी ठेवून बघा. पंजाबीतली म्हण थंडीला वसंत पंचमीला निरोप देते, मराठीतली होळीला. मध्ये जवळजवळ दीड महिना पडतो, आणि इथल्या टोमॅटोचं सगळं भवितव्य त्या दीड महिन्यात आहे. बीजींची म्हण टोमॅटोच्या जास्त कामाची, हे मी कबूल करते. पण तिथीचं दुखणं तिलाही आहेच. वसंत पंचमी 2024 मध्ये 14 फेब्रुवारीला आली, 2025 मध्ये 2 फेब्रुवारीला आणि 2026 मध्ये 23 जानेवारीला. तीन आठवड्यांचा झोल. तिथी चंद्राच्या हिशेबानं चालते, टोमॅटो सूर्याच्या. मला स्वतःला सूरजकुंडचा मेळा जास्त भरवशाचा वाटतो. 1987 पासून तो बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरत आला आहे, अलीकडे काही दिवस इकडे-तिकडे होतात. मेळ्यात दुपारी माणसं स्वेटर काढून हातावर टाकतात आणि पाच वाजता पुन्हा चढवतात. असं हवामान आलं की रोपं कुंडीत जायला हवीत.

थंडी पुरती गेलेली नसताना ही घाई कशासाठी, असं आई फोनवर विचारते. तिला मी उलट्या बाजूनं हिशेब सांगते.

टोमॅटोचं फूल रात्रीच्या तापमानावर जगतं. रात्री पंधरा ते वीस अंश असतील तर फळ उत्तम धरतं. दहाच्या खाली गेलं तर परागकण नीट तयार होत नाहीत, आणि रात्र बावीसच्या वर व दिवस पस्तिसाच्या वर गेला तर तयार झालेले परागही वांझ निघतात. दिल्लीच्या या पट्ट्यात फेब्रुवारीच्या रात्री सरासरी दहा-अकराच्या आसपास, मार्चच्या पंधरा-सोळाच्या आणि एप्रिलच्या एकवीस-बावीसच्या. म्हणजे फळ धरण्याचा महिना एकच, मार्च. फार तर एप्रिलचा पहिला आठवडा. रोप कुंडीत लावल्यापासून पहिली फुलं यायला महिनाभर लागतो. मार्चमध्ये फुलं हवी असतील तर रोप फेब्रुवारीच्या सुरुवातीला मातीत गेलेलं पाहिजे. होळीला लावलेलं रोप फुलावर येतं एप्रिलच्या मध्याला, आणि तोवर दार बंद झालेलं असतं.

ते बंद झालेलं दार डोळ्यांनी दिसतं. टोमॅटोच्या प्रत्येक फुलाच्या देठात मध्यावर एक फुगीर सांधा असतो, बोटाच्या पेरासारखा. झाडाला फूल सोडून द्यायचं असलं की ते त्या सांध्यावर सोडतं. सांध्यापासून फुलापर्यंतचा देठाचा तुकडा आधी फिका होतो, मग पिवळा. फूल मात्र वरून अजून टवटवीत. बोट लावलं की नेमकं तिथूनच तुटतं, झाडाला जखमसुद्धा होत नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात सकाळी गच्चीवर गेलं की कुंड्यांभोवती अशी पिवळी फुलं पडलेली असतात. लोक खत वाढवतात, पाणी वाढवतात, माळ्याला बोल लावतात. झाडाचा हिशेब साधा असतो. रात्री उकडतंय, पोसता येणार नाही, सोडून दिलं.

म्हणून इथला टोमॅटो लावणारा थंडी कधी जाते हे पाहत नाही, उन्हाळा कधी येतो ते पाहतो आणि तिथून मागे मोजत येतो. जर्मनीत याच्या नेमकं उलट. तिथं 11 ते 15 मे हे दिवस ‘हिमसंतां’चे मानतात, शेवटची ती ‘थंड सोफी’. ती गेल्याशिवाय जुने बागवान टोमॅटोचं रोप उघड्यावर लावत नाहीत. युरोप-अमेरिकेतली बागकामाची पुस्तकं, आता व्हिडिओही, सगळी या धास्तीवर उभी आहेत: शेवटचं दहिवर कधी पडेल ते बघा आणि त्यानंतर लावा. ते वाचून दिल्लीकडची शिकलेली मंडळी मार्च उजाडेपर्यंत रोपं खिडकीत जपत बसतात. सोफीच्या दिवशी फरीदाबादला पारा चाळीसच्या आसपास असतो.

यमुनेकाठचे शेतकरी हे कुठल्याही पुस्तकाशिवाय जाणतात. नदीच्या वाळूत खरबूज, काकडी, दुधी करणारे लोक ऐन हिवाळ्यात खड्डे काढून बी टाकतात आणि प्रत्येक ओळीच्या वायव्येला सरकंड्याच्या गवताचा तिरपा आडोसा उभा करतात. वारा अडतो, दुपारचं ऊन वाळूत साठतं. थंडी जायची वाट बघितली तर बाजार हुकतो, म्हणून थंडीतच लावायचं आणि राखायचं. मी गच्चीवर तेच करते, सरकंड्याच्या जागी जुनी पलंगपोसं आणि वायव्येच्या कठड्याला टेकवलेला प्लायवूडचा तुकडा.

रोपांना आधी काटक करावं लागतं. जानेवारीच्या अखेरीपासून दुपारी तासभर उन्हात, मग दोन तास, मग संध्याकाळपर्यंत. पाणी थोडं तोडायचं. खोड जरा जाड आणि जांभळट झालं, केस राठ झाले की रोप तयार. लावताना ते खोल लावावं, खालची पानं खुडून खोड निम्मं मातीत. त्या खोडालाच नवी मुळं फुटतात. वांगी-मिरचीपेक्षा टोमॅटोला ही विद्या जास्त चांगली येते. हात धुतल्यावरही बोटांवर हिरवा-पिवळा डाग राहतो आणि टॉवेलला त्याचा वास लागतो. पहिला आठवडाभर रात्री पलंगपोस, सकाळी नऊला काढायचं. विसरलं तर आत वाफ धरते.

वाणाचंही पाहावं. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेनं याच हवामानाशी झुंजत जाती काढल्या आहेत. ‘पुसा शीतल’ रात्री आठ अंशांपर्यंत थंडी असली तरी फळ धरते, ‘पुसा सदाबहार’ थंडी आणि उकाडा दोन्ही बऱ्यापैकी सोसते. ही संस्था मुळात बिहारमधल्या पुसा गावची. 1934 च्या भूकंपात इमारत पडली आणि 1936 मध्ये ती दिल्लीला आली. उन्हाळा-हिवाळा दोन्ही टोकाचे असलेल्या जागी ती येऊन पडली हे टोमॅटोच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं.

अलीकडे हा महिन्याभराचा मार्चही बेभरवशाचा होत चाललाय. 16 जानेवारी 2023 ला दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर किमान तापमान 1.4 अंश होतं. त्याच्या पुढचाच फेब्रुवारी, देशाचा विचार केला तर, 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरला. आदल्या वर्षी, 2022 मध्ये, मार्चनं तोच विक्रम केला होता. गव्हाचे दाणे शेतातच सुकले. म्हणजे दहिवर पहिल्यासारखंच येतं आणि उन्हाळा मात्र लवकर येतो. दोन्हीकडून दाबलेला वसंत मधल्या मध्ये आक्रसतो. त्याच 2023 च्या जुलैत टोमॅटोनं शंभरी ओलांडली आणि सरकारला दिल्ली-एनसीआरमध्ये 90 रुपये किलोनं टोमॅटोच्या गाड्या फिरवाव्या लागल्या. माल मागवला होता आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातून. माझ्या भागात त्या दिवसांत लोक रांगा लावून टोमॅटो घेत होते आणि निफाडला भाऊबंद पावसाळी लागवडीची घाई करत होते. जुलैत उत्तरेच्या मैदानात टोमॅटो जवळजवळ नसतोच. तेव्हा देशातले बरेच बाजार दक्षिणेकडे आणि आमच्या बाजूला बघत असतात.

मार्चमध्ये फुलं धरली की पुढचं काम थोडं. गच्चीवर मधमाशा कमी येतात. टोमॅटोच्या फुलाला दुसऱ्या फुलाची गरज नसते, नुसता धक्का लागतो. सकाळी दहाच्या सुमाराला काठीनं बांबूला हलकेच टिचकी मारत गेलं तरी पुरतं. एप्रिलच्या शेवटी फळं भरतात. ती झाडावर लाल व्हायची वाट बघू नये. तिशीच्या वरच्या उष्णतेत टोमॅटोत लाल रंगच नीट तयार होत नाही, फळ नारिंगी-पिवळं राहतं, आणि उन्हाकडच्या खांद्यावर पांढरा चट्टा पडतो. देठाच्या विरुद्ध टोकाला गुलाबी छटा आली की तोडावं आणि घरात सावलीत टोपलीत ठेवावं. तीन-चार दिवसांत लाल होतं, चवीत कमी पडत नाही. त्यांचं सार करते तेव्हा बीजी वाटीभर मागून नेतात आणि त्यात गूळ का घातला असं दर वर्षी विचारतात.

दिल्ली-फरीदाबाद-गुरुग्रामकडे नव्यानं आलेल्या आणि बाल्कनीत टोमॅटो लावू पाहणाऱ्या मराठी माणसाला माझं सांगणं एवढंच: नोव्हेंबरात बी टाका, फेब्रुवारीचा पहिला आठवडा उलटू देऊ नका, आणि रात्री झाकायला एक जुनी चादर हाताशी ठेवा. होळीपर्यंत थांबलातच, तर त्या वर्षी टोमॅटोचा नाद सोडा आणि त्याच कुंड्यांत भेंडी आणि गवार लावा. त्यांना इथल्या उन्हाचं काही वाटत नाही.