आधी फळी

माझ्या जुन्या जीपच्या मागच्या दाराला, स्टेपनीच्या शेजारी, चार फुटांचा एक लोखंडी जॅक बारा महिने बांधलेला असतो. गाडीबरोबर मिळालेला लहान जॅक सीटखाली असतोच. डांबरी रस्त्यावर पंक्चर झालं तर तो पुरतो. हा उंच जॅक पांदणीसाठी, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेसाठी आहे. ओळीने भोकं पाडलेली एक सरळ पट्टी, तळाशी तळहाताएवढा लोखंडी पाया आणि पट्टीवरून चढत जाणारी, लांब दांड्याची यंत्रणा. एवढाच त्याचा संसार. दांडा दाबला की दोन पिना आळीपाळीने भोकांत शिरतात. एक ओझं धरून ठेवते, तोवर दुसरी वरचं भोक गाठते. टक्, टक्. एका वेळी एक भोक. मिळवलेली उंची तो परत जाऊ देत नाही, म्हणून साधारण अंगाचा माणूससुद्धा एकट्याने गाडीची एक बाजू जमिनीवरून उचलू शकतो.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमफिल्ड नावाचं गाव आहे. तिथल्या हॅरा घराण्याने 1905 मध्ये हे जॅक बनवायला घेतले. कुंपणाचे खांब उपटायचे, फसलेली गाडी ओढायची, जड वस्तू उचलायची, अशी शेतावरची सगळी अवघड कामं एका लोखंडाने व्हावीत, हा त्यामागचा हेतू. जंगल-डोंगरात जीप घेऊन फिरणाऱ्यांनी तो पुढे आपलासा केला. पण मूळ तो शेताचा, आणि म्हणून वाशीमच्या शिवारात तो मला कधी परका वाटला नाही.

त्याची उंची कशासाठी, हे फसलेल्या गाडीजवळ उभं राहिलं की कळतं. गाडीचं अंग उचलायला लागलं, तरी चाक लगेच वर येत नाही. स्प्रिंगा सैलावत जातात आणि चाक खड्ड्यातच बसून राहतं. अंग वीतभर उचललं जातं, हातभर उचललं जातं, स्प्रिंगांची सगळी लवचिकता संपते, आणि मग कुठे चाक चिखलातून निघतं. लहान जॅकची धाव त्याआधीच संपलेली असते. चाक निघालं की त्याच्याखाली दगड भरता येतात. गाडी बाहेर काढण्याचं खरं काम हे भरलेले दगड करतात. जॅक फक्त त्यांच्यासाठी जागा करून देतो.

आणि आमची माती. ज्वालामुखीच्या काळ्या खडकातून झिजून तयार झालेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. वैशाखात तिला एवढ्या भेगा पडतात, की पाय मुरगळावा. तीच आषाढात चाकाला अशी लपेटते, की टायरच्या नक्षीतली प्रत्येक खाच बुजून जाते. चाक गोल फिरतं, पण धरायला काही उरत नाही. रिसोडकडे पैनगंगेच्या काठाने जा किंवा मंगरुळपीर-कारंज्याकडे अडाण नदीच्या बाजूने जा, सोयाबीन आणि तुरीला पोसणारी माती हीच आहे. जी पिकाला धरून ठेवते, ती चाकालाही धरून ठेवते. तिच्यावर राग धरावा असं मला कधी वाटलं नाही. तिचं घर चालवणं आणि वाट अडवणं ही एकाच गुणाची दोन कामं आहेत.

मानोरा तालुक्यातल्या एका पांदणीत श्रावणातल्या दुपारी खताची पोती भरलेली पिकअप फसली होती. मागची दोन्ही चाकं अ‍ॅक्सलपर्यंत आत. चालवणारा पोरगा रेस देऊन देऊन थकला होता, आणि प्रत्येक रेसबरोबर गाडी आणखी दोन बोटं खाली बसत होती. मी जॅक सोडून आणला. शेजारच्या वावरातून एक म्हातारे शेतकरी आले. त्यांनी जॅकचा तळहाताएवढा पाया पाहिला, चिखल पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, आंधी खाली फळी टाका. नाईतं गाडी वर नाई येत, जॅकच खाली जाते.”

बाभळीची जाड फळी माझ्या गाडीत होती. तिच्याखालचा चिखल त्यांनी फावड्याने ओढून सपाट केला, पायाने दाबून पाहिला, पुन्हा ओढला. तेवढ्यात आम्ही पोती उतरवली आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगडांच्या उट्या लावल्या. मग चेसिसच्या मजबूत कडेखाली जॅक लावला. फळी थोडी कुरकुरली, दोन बोटं दबली आणि थांबली. त्यानंतर दांड्याचं टक्-टक् सुरू झालं. चिखलाने चाक सोडलं, तेव्हा एक जड, ओला आवाज झाला आणि चाकाच्या जागी पाण्याने भरलेला खड्डा उघडा पडला. काकांनी गोठ्याजवळच्या ढिगातून तुराट्यांच्या पेंढ्या आणल्या, पोराने धुऱ्यावरचे दगड. खड्डा भरला, गाडी उतरवली, दुसरी बाजू घेतली. पिकअप बाहेर आली तेव्हा सगळ्यात जास्त वेळ फळीखालची जमीन सारखी करण्यात गेला होता, आणि तो वेळ सर्वांत कामी आला होता.

चढवण्यापेक्षा उतरवणं जोखमीचं, हे या जॅकबद्दल प्रत्येकाने आधी शिकावं. उतरवण्याची कळ फिरवताना दांडा पट्टीला लागून उभा असला पाहिजे. गाडी उतरते तेव्हा प्रत्येक पायरीला तिचं वजन दांड्याला वर झोकत असतं. हात सुटला तर दांडा आपोआप वरखाली आपटत राहतो आणि वाटेत आलेला जबडा किंवा मनगट मोडू शकतो. अशा वेळी त्याला पकडायला जायचं नाही, बाजूला व्हायचं. डोकं दांडा आणि पट्टी यांच्या मधे कधीच न्यायचं नाही. ओझं फार हलकं असेल तर यंत्रणा पायरीपायरीने न उतरता एकदम खाली येते. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही, एखादा नट पडला म्हणूनसुद्धा नाही. उंच पट्टी कडेकडेने डोलते; दोन टनांच्या आसपास पेलणारं हे लोखंड आडव्या धक्क्यापुढे दुबळं आहे.

हा जॅक वागवणंही एक व्रतच आहे. वजन साधारण तेरा किलो. गाडीच्या आत सैल ठेवला तर ती उलटताना माणसांवर येईल, म्हणून दोन ठिकाणी घट्ट बांधलेला हवा. बाहेर राहिला तर पिनांच्या बारीक स्प्रिंगांत धूळ आणि गंज बसतो आणि ऐन वेळी पिन भोकात जात नाही. मी यंत्रणेवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून ठेवतो. ग्रीस धूळ धरते, म्हणून पातळ तेल घालतो. मृगाआधी कोरड्या अंगणात एकदा गाडी चढवून-उतरवून पाहतो. वर्षभर ओझं वाहायचं ते एखाद्या दुपारसाठी, आणि बहुतेक वेळा ती दुपार दुसऱ्याची असते. ही गोष्ट मला मनापासून आवडते.

आमच्या जिल्ह्यातून आता 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. त्या काँक्रीटवरून सोयाबीनने भरलेले ट्रक मुंबईकडे धावतात, याचा मला आनंद आहे. पण त्या सोयाबीनचा पहिला किलोमीटर पांदणीचा असतो. शेतातल्या कोठ्यावर राहणाऱ्या आजारी माणसाचा दवाखान्याकडचा पहिला किलोमीटरही तोच. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये आली, ती याच किलोमीटरसाठी. आणि पांदणीत मुरूम पडतो तेव्हा सगळ्या गावाखाली फळी सरकवली जात असते. उचलायची ताकद आमच्या माणसांत भरपूर आहे. अंग मोडून दांडा मारणारे हात कमी नाहीत. पायाखाली ठाम काही नसेल, तर तीच ताकद त्यांना आणखी खोल रुतवते. शेतकऱ्याला वर आणण्याची भाषा करणाऱ्या प्रत्येकाने तो उभा आहे ती जमीन एकदा पायाने दाबून पाहावी.

गावातली पोरं गाडीभोवती जमतात. दांडा मारून पाहायची प्रत्येकाला घाई असते. मी त्यांना जरूर मारू देतो, पण त्याआधी फळी त्यांच्या हातात देतो आणि जमीन सारखी करायला लावतो.