लिंबाची साल आणि एक बाटली

मैत्रिणींनो, लिंबू पिळून झालं की सालीचं तुम्ही काय करता? कुणी ती लोणच्यात घालतं, कुणी तांब्या-पितळेची भांडी घासायला बाजूला ठेवतं, आणि घाईच्या दिवशी ती सरळ केराच्या डब्यात जाते. आपल्या लेखी लिंबू म्हणजे रस. रस संपला, लिंबू संपलं. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र मी अशा बायका पाहिल्या, की ज्यांच्या लेखी लिंबाचा जीव सालीतच असतो. त्या सालीचं त्या घरी एक पेय करतात. लिमोनचेल्लो त्याचं नाव. पेय म्हटलं तरी ती दारूच, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे वाचायचं की पान उलटायचं, ते तुमचं तुम्ही ठरवाल. पण माझं ऐकाल तर वाचाच. मला नुसती कृती सांगायची नाहीये.

माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त सालेर्नोला असतात. नेपल्सच्या खाली समुद्रकाठी वसलेलं हे शहर. तिथून अमाल्फीचा किनारा सुरू होतो. डोंगर असा थेट समुद्रात उतरलेला, की सपाट जमीन म्हणून औषधाला नाही. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌ पिढ्या दगडी बांध घालून डोंगराला पायऱ्या पाडल्या आणि त्या पायऱ्यांवर लिंबं लावली. चेस्टनटच्या लाकडाचे मांडव घालायचे, थंडीवाऱ्यापासून जपायला त्यांवर आच्छादन टाकायचं. एवढी उस्तवार कशासाठी? तर लिंबासाठी! या किनाऱ्याला १९९७ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या लिंबाला ‘स्फुझातो’ म्हणतात. ‘फूझो’ म्हणजे सूत कातायची चाती. चातीसारखं टोकाला निमुळतं, म्हणून हे नाव. आपल्या कागदी लिंबाच्या तिप्पट तरी मोठं, पिवळंधमक, जाड सालीचं. नखाने नुसतं खरवडलं तरी खोलीभर वास सुटतो.

लेकीकडे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मटार काढायला फ्रीजर उघडला, तर आत पिवळ्या रंगाची बाटली. लेक म्हणाली, “अगं, घरमालकीण आजींनी दिलीय. त्या घरी करतात.” मी फ्रीजर लावून टाकला. त्या दिवशी उसळ कशी झाली मला आठवत नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात बाटलीने संसाराची धूळधाण केली असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माझे वडील प्यायचे. पगाराच्या दिवशी आई दिवेलागणीपासून जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसायची. पाऊल कसं पडतंय यावरून तिला कळायचं, की आज पानं मांडायची की आम्हा पोरांना शेजारी पाठवायचं. वडील गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. लग्न ठरताना मी एकच अट घातली होती, की घरात बाटली येणार नाही. ह्यांनी ती आजवर पाळली आहे. आणि आता लेकीच्या घरी ती मटारशेजारी उभी! जावई सज्जन. कधी पाहुणे आले तर घोटभर घेतात, एवढंच. सगळं कळत होतं, पण पोटात गोळा यायचा तो आलाच.

चार दिवसांनी आजींनीच वरून हाक मारली. त्यांना नव्या वर्षाची लिंबं सोलायची होती आणि हाताला हात हवा होता. आजी ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या मिनोरी गावच्या. सगळी बिल्डिंग त्यांना ‘नोन्ना’ म्हणते, म्हणजे आजीच. कामाला बोलावलं तर नाही कसं म्हणायचं? लेकीला दुभाषी म्हणून घेऊन मी गेले.

आता त्या कशा करतात ते सांगते. दहा मोठी लिंबं. बाजारातली मेण लावून चकचकीत केलेली नकोत, झाडावरून उतरलेली, पानासकट असली तर उत्तमच. कोमट पाण्यात ब्रशने घासून, पुसून कोरडी करायची. मग बटाट्याच्या सोलण्याने साल काढायची, पण नुसती पिवळी. आतला पांढरा भाग जराही येता कामा नये. तो आला की कडू झालंच म्हणून समजा. सालीतल्या बारीक बारीक फोडांत सुगंधी तेल असतं. हे तेल पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून साली काचेच्या बरणीत घालून वर १ लिटर शुद्ध अल्कोहोल ओततात. तिकडे ९५ टक्क्यांचा, खाण्यापिण्याच्या कामाचा अल्कोहोल वाण्याकडेच मिळतो. सरकारी कर भरलेला, सीलबंद बाटलीतला. म्हणजे हातभट्टीसारखं घरी गाळायचं काही नसतं, नुसतं मुरवायचं. ही बरणी शेगडीपासून लांब, कारण तो झटकन पेट घेतो. अंधाऱ्या कपाटात ठेवून रोज एकदा हलवायची.

कुणी आठवडाभर ठेवतं, कुणी महिनाभर. आजींची खूण वेगळी. साल काढून वाकवायची. ती पांढुरकी पडून वाळक्या पानासारखी कटकन मोडली, की तेल सगळं उतरलं. मग दीड लिटर पाण्यात ८०० ग्रॅम साखर विरघळवून उकळायची आणि पार गार होऊ द्यायची. अल्कोहोल मलमलीच्या फडक्यातून गाळून त्यात हा पाक घातला, की गंमत बघा! दोन्ही नितळ, पण एकत्र होताच सगळं दुधाळ पिवळं होतं. पाणी आल्यामुळे तेलाला विरघळून राहता येत नाही, त्याचे डोळ्यांना न दिसणारे थेंब होतात आणि त्यांवर उजेड विखुरतो. म्हणून ते गढूळ दिसतं. डोळ्यांत डेटॉलचं पाणी आलं असेल तर बरोबर, तोच प्रकार! शेवटी तीसेक टक्के अल्कोहोल उरतो, म्हणूनच ते फ्रीजरमध्येही गोठत नाही. जेवणानंतर अंगठ्याएवढ्या पेल्यात थंडगार देतात.

अमाल्फी, सोरेंतो आणि काप्री, तिन्हीकडचे लोक म्हणतात, मूळ आमचंच. काप्रीच्या एका उद्योजकाने १९८८ साली या नावाचा ट्रेडमार्क नोंदवला आणि घरातली बाटली जगाच्या दुकानांत गेली. पण घराघरांतून ती करणाऱ्या बायकाच. आणि केवळ करणाऱ्याच नव्हेत. सोलता सोलता आजी म्हणाल्या, “माझी आजी फोर्मिकेल्ला होती.” मी लेकीकडे पाहिलं. फोर्मिकेल्ला म्हणजे लहानशी मुंगी! मिनोरी-मायोरीच्या डोंगरावरून लिंबं खाली बंदरावर आणायची, तर गाडीरस्ता नाही. ती बायका आणायच्या. मानेवर, खांद्यावर पन्नास किलोंच्या वर भरलेली टोपली, आणि शेकडो दगडी पायऱ्या. एकीमागे एक, रांगेने. खालून पाहणाऱ्याला मुंग्यांची रांगच वाटायची. दिवसातून अशा कितीतरी खेपा. खालून लिंबं बोटींनी परदेशी जायची. मायोरी ते मिनोरी ती वाट अजून आहे, आता तिला लिंबांची वाट म्हणतात आणि हौशी पर्यटक ती चालतात. लेकीबरोबर मीही चालून आले. रिकाम्या हाताने उतरताना माझे गुडघे कुरकुरले. बायकांनो, एवढ्या ओझ्याने आलेल्या लिंबाची साल कोण हो फेकून देईल?

काम झाल्यावर आजींनी गेल्या वर्षीची बाटली काढली आणि तीन पेले मांडले. मी मान हलवली. त्यांनी विचारलं, “का गं? तब्येत बरी नाही?” लेक काहीतरी सारवासारव करू लागली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, “जसंच्या तसं सांग त्यांना. म्हणावं, माझे वडील ह्याच्यात गेले.”

आजी क्षणभर गप्प राहिल्या. वाटलं, आता म्हणतील, आमचं हे तसलं नव्हे, हे पाचक आहे. तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझा पेला उचलून कपाटात ठेवला आणि मग आपला आणि लेकीचाही. म्हणाल्या, “माझा धाकटा भाऊ तसाच गेला. आमच्याकडे नसतं असं तुला कुणी सांगितलं? बाटली कुणाच्या हातात आहे, त्यावर घर ठरतं. माझ्या घरात ती माझ्या हातात असते. एक पेला मी ओतते, दुसरा कुणी मागत नाही. पण भावाच्या घरी बायकोच्या हातात काहीच नव्हतं.”

हे ऐकून मी काही प्यायला लागले नाही. आणि त्यांनीही परत आग्रह केला नाही. हातात असणं-नसणं ही साधी गोष्ट नाही, ते माझ्या आईला विचारायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ साली स्पष्ट म्हटलं, की अमुक इतकी दारू सुरक्षित असं काही प्रमाणच नाही. तेव्हा ‘जेवणानंतर थोडी पचनाला चांगली’ हे म्हणणं इटलीतलं असो की इथलं, सोडून द्यावं. पण एक झालं. त्या रात्री लेकीने विचारलं आणि मी तिला सगळं सांगितलं. जिन्यावरची पावलं, शेजारी पाठवलेली आम्ही पोरं, आईच्या मोडलेल्या पाटल्या. ती ऐकत राहिली. सकाळी फ्रीजर उघडला तर बाटली नव्हती. “टाकलीस?” मी विचारलं. “नाही,” ती म्हणाली, “आजींनी कष्टाने केलेली टाकू कशी? तू आहेस तोवर त्यांच्याकडे ठेवून आले.” मला तेवढं पुरे झालं. तिच्या घरचे नियम तिने करावेत, माझ्या घरचे मी केले.

आता एक निक्षून सांगते. हे वाचून कुणी हौसेने घरी करायला जाऊ नका. आपल्याकडे तसला खाण्याचा शुद्ध अल्कोहोल वाण्याकडे मिळत नाही. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट किंवा पॉलिशचं स्पिरिट पोटात घेण्यासाठी नसतंच. त्यात मुद्दाम विषारी द्रव्यं घातलेली असतात. मिथेनॉलने डोळे जातात, जीव जातो. खुद्द इटलीत १९८६ साली मिथेनॉल मिसळलेल्या वाइनने वीसहून अधिक माणसं दगावली. आपल्या मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभराहून अधिक लोक गेले. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे.

मग सालीचं करायचं काय? निघताना आजींनी मला बरणीभर साखर दिली. लिंबाची साल चोळून ठेवलेली. तेल अल्कोहोलमध्ये उतरतं तसं ते साखरेतही ओढलं जातं, हे मला तेव्हा कळलं. परत आल्यावर आपल्या कागदी लिंबांवर करून पाहिलं, छान होतं. दहा ताजी, घट्ट लिंबं धुऊन पुसून घ्या. बारीक किसणीवर अलगद फिरवून नुसती वरची रंगीत साल किसा. आपल्या लिंबाची साल पातळ, तेव्हा हात हलका ठेवा, पांढरं लागलं की थांबा. दोन वाट्या साखरेत हा कीस बोटांनी चांगला चोळा. साखर ओलसर, हिरवट होईल. झाकून चार-पाच तास ठेवा. मग त्याच लिंबांचा रस घालून साखर विरघळेपर्यंत ढवळा, चिमूटभर मीठ घाला आणि गाळून स्वच्छ बाटलीत भरा. उकळायचं नाही, नाहीतर वास उडून जातो. फ्रीजमध्ये आठ दिवस सहज राहतं. पेलाभर गार पाण्यात दोन चमचे घाला. नेहमीच्या सरबताहून वास कितीतरी निराळा!

आमच्या फ्रीजच्या दारात आता ही पिवळी बाटली कायम असते. नातवंडं आली की तिच्यावर झडप घालतात. एकेक पेला मी ओतते. दुसरा मात्र इथे हवा तेवढ्यांदा मागावा!