कॉम्रेड्सच्या रस्त्यावर

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीला जाऊन आलेली पुण्या-मुंबईची धावपटू मंडळी भेटली, की बोलणं चढांवर येतं. पीटरमारित्झबर्ग ते डर्बन, सुमारे ९० किलोमीटर, हातात १२ तास. तयारी मीही चढांचीच केली होती. पण मला तिथे धावत ठेवलं ते माणसांनी.

जूनच्या थंडीत, उजाडायच्या आत, पीटरमारित्झबर्गच्या नगरभवनासमोर हजारो गळ्यांतून ‘शोशोलोझा’ उठतं. खाणीत राबायला निघालेल्या मजुरांचं हे गाणं. एकाने उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. शब्द कळत नव्हते, तरी डोळे भरून आले.

मग दिवसभर जत्रा. लोक पहाटेपासून खुर्च्या टाकून बसलेले, शेगड्यांवर मांस भाजतंय, धूर रस्त्यावर येतोय. छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून अनोळखी बाई घरच्यासारखी हाक मारते, हातावर मिठात घोळवलेला उकडलेला बटाटा ठेवते. त्या घासाची चव अजून जिभेवर आहे.

इन्चांगाजवळ एथेम्बेनी ही अपंग आणि दृष्टिहीन मुलांची शाळा आहे. मुलं रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहून हात पुढे करतात. कुबडीवर रेललेल्या एका मुलीने माझ्या घामट तळव्यावर सणसणीत टाळी दिली आणि मागून येणाऱ्यासाठी लगेच हात उचलला. तिला दिवसभर हेच करायचं होतं, आणि ते ती मन लावून करत होती.

हा उत्सव आयता आलेला नाही. पहिल्या महायुद्धातल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅमने १९२१ साली ही शर्यत सुरू केली, तेव्हा ३४ जण धावले. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना मात्र अधिकृत प्रवेश मिळाला थेट १९७५ मध्ये. कृष्णवर्णीय रॉबर्ट मत्शाली १९३५ सालीच धावला होता, अधिकृत क्रमांकाशिवाय. एका बाईला, परक्या देशातून येऊन, त्याच रस्त्यावर नावानिशी हाक मिळते, यामागे किती जणांची वाट पाहणं आहे!

बारा तास भरताना पंच धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक झाडतो. त्याआधीच्या मिनिटांत स्टेडियम विजेत्यासाठी ओरडावं तसं शेवटच्यांसाठी ओरडतं. मीही घसा बसेपर्यंत ओरडले. पुन्हा धावणं जमेल न जमेल, पण एकदा इन्चांगाच्या चढावर नुसतं उभं राहायला जायचंय, बटाट्यांचं पातेलं घेऊन.