शेवटच्या फोटोतला माणूस

स्टॅन्ली कुब्रिकचा ‘द शायनिंग’ (१९८०) एका जुन्या फोटोवर संपतो. ओव्हरलुक हॉटेलातली पार्टी, ४ जुलै १९२१. गर्दीत सगळ्यांत पुढे हसत उभा आहे जॅक. आत्ताच तर आपण त्याला बर्फात गोठून मेलेला पाहिला!

मग तो तिथं कसा? कुब्रिकनं एका मुलाखतीत पुनर्जन्माकडे बोट दाखवलं होतं. काही म्हणतात, हॉटेलनं त्याला गिळलं. दोन्ही अर्थांत जॅक सुटतो. नशिबातच होतं, तो तरी काय करणार?

मला हे पटत नाही. हॉटेलात पाऊल ठेवण्याआधीच जॅकनं दारूच्या नशेत आपल्या लेकराचा खांदा निखळवला होता. पोरानं कागद विस्कटले, एवढंच कारण. तिथं कुठलं भूत होतं?

जॅक पूर्वी शिक्षक होता. मीही शिक्षक आहे. एकदा वही आणली नाही म्हणून मी एका मुलाच्या थोबाडीत मारली. घरी येऊन बायकोला म्हणालो, “डोक्यात सैतान शिरला होता.” ती भाकरी थापत म्हणाली, “शिरला असेल. पण हात तर तुमचाच होता ना?”

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली.

आता तो फोटो पाहताना भुताची भीती वाटत नाही. त्या गर्दीत आपलाही चेहरा सापडेल की काय, याची वाटते.