मेहरौलीच्या रानात अब्बांबरोबर

दिल्लीला गेलेला माणूस कुतुबमीनार पाहतो, मीनारासमोर फोटो काढतो आणि गाडीत बसून पुढच्या ठिकाणी निघतो. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केले होते. मीनाराच्या आवाराला लागून, भिंतीपलीकडे सुमारे दोनशे एकरांचे एक रान आहे आणि त्यात शंभरावर जुन्या वास्तू विखुरलेल्या आहेत, हे आम्हाला कुणी सांगितलेच नाही. त्याचे नाव मेहरौली पुरातत्त्व उद्यान. आत जायला तिकीट नाही, दारात गर्दी नाही, आणि बहुधा म्हणूनच तिकडे फारसे कुणी वळत नाही.

गेल्या डिसेंबरात मुलांच्या सुट्टीत पुन्हा दिल्लीला जाणे झाले. या वेळी माझे अब्बा बरोबर होते. वय 74. बार्शीत आणि आजूबाजूच्या गावांत त्यांनी चाळीस वर्षे गवंडीकाम केले. बार्शीबाहेर ते फिरले ते कामासाठी. बघण्यासाठी म्हणून कुठे गेलेले मला आठवत नाही. "तुमच्या मागे मागे चालेन, मला कुठे काय कळतंय," असे म्हणतच ते गाडीत बसले होते.

मेट्रोच्या कुतुबमीनार स्थानकावर उतरून रिक्षा केली की अनुव्रत मार्गावरून उद्यानात शिरता येते. सकाळी लवकर जावे. पाणी बरोबर घ्यावे, आणि चप्पल नको, बूट घालावेत. वाट कुठे फरसबंदीची आहे तर कुठे नुसती माती आणि खडे. झाडी बहुतेक वेड्या बाभळीची, मधूनमधून कडुनिंब. मोर दिसले नाहीत तरी ऐकू येतात. वाटेवर दगडी खुणा आणि हिंदी-इंग्रजी पाट्या आहेत. पण पाटी सन सांगते, नाव सांगते आणि गप्प होते. आमच्या मुलांनी पहिल्या दोन पाट्या मोठ्याने वाचल्या, तिसऱ्या पाटीपासून कंटाळा सुरू झाला. मी शाळेत शिकवते, त्यामुळे हा कंटाळा मला लांबूनच ओळखू येतो.

तो घालवला अब्बांनी, बल्बनच्या मकबऱ्यात.

सुलतान गियासुद्दीन बल्बन लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला तुर्क. इल्तुतमिशने त्याला विकत घेतले, 1266 मध्ये तो स्वतः तख्तावर बसला आणि 1287 मध्ये वारला. त्याचा मकबरा म्हणजे आता ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती. वरचा घुमट केव्हाच पडला, आत उभे राहिले की डोक्यावर थेट आकाश. आमचे हे म्हणाले, "यात बघायचं काय?" अब्बा मात्र कमानीखाली उभे राहून मान वर करून बघत होते. मग त्यांनी मुलांना हाक मारली.

"कुतुबच्या मशिदीतली मोठी कमान आठवते? तिथे दगड आडवेच ठेवलेत. एकावर एक, प्रत्येक थोडा पुढे सरकवलेला. आणि इथे बघा, दगड उभे लावलेत, पाचरीसारखे."

मुलांना फरक कळेना. अब्बांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. बिस्किटांच्या दोन थप्प्या समोरासमोर केल्या आणि वरचे प्रत्येक बिस्कीट थोडे थोडे पुढे सरकवत गेले. थप्प्या एकमेकींना भेटण्याआधीच एक कोसळली. "ही पहिली तऱ्हा. मागून वजन हवं, नाहीतर पुढे जाता येत नाही." मग त्यांनी दोन्ही मुलांना समोरासमोर उभे केले, हात वर करून तळव्याला तळवे टेकवायला लावले आणि पाय मागे न्यायला सांगितले. दोघेही तिरके झाले, पण पडले नाहीत. "ही दुसरी. तो तुला ढकलतो, तू त्याला ढकलतोस, म्हणून दोघं उभे. पण बांधताना खालून लाकडाचं सेंट्रिंग लागतं आणि मधला दगड बसेपर्यंत ते काढायचं नाही." धाकट्याने तेवढ्यात हात काढून घेतला आणि मोठी तोंडावर आपटता आपटता वाचली. कमान का पडते, तेही त्यांना तिथेच समजले.

मी पाटीकडे वळले. पाचरीच्या दगडांची खरी कमान भारतात आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी सर्वांत आधी इथे सापडते, असे इतिहासकार मानतात. कुतुबच्या मशिदीची ती दर्शनी कमान 1199 ची. दोहोंमध्ये नव्वद वर्षांच्या आसपासचे अंतर. अब्बांना ना सन ठाऊक होता ना सुलतान. त्यांनी दगडाची ठेवण पाहून ते ओळखले होते.

शेजारच्या दालनात एक कबर आहे. ती बल्बनचा मुलगा शहजादा मुहंमद याची मानतात. 1285 मध्ये मोगलांशी, म्हणजे चंगेजखानाच्या मंगोलांशी लढताना तो मारला गेला, म्हणून त्याला खान-ए-शहीद म्हणतात. मुलतानला त्याच्या दरबारी दोन तरुण कवी होते. एक अमीर खुसरो. त्या लढाईत ते मंगोलांच्या हाती कैद झाले आणि नंतर सुटले. दुसरे अमीर हसन सिजझी. पुढे त्यांनी हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांची वचने 'फवाइदुल फुआद' या ग्रंथात नोंदवली, आणि त्यांची कबर आपल्या खुलताबादला आहे. आम्ही खुलताबादला तीनदा गेलो आहोत. तिथल्या कबरीचा धागा दिल्लीतल्या या छप्पर नसलेल्या खोलीत येऊन पोहोचतो, हे मला इथे उभी राहिल्यावर जाणवले. अब्बांनी टोपी सारखी केली आणि फातिहा पढली.

तिथून जमाली-कमाली जवळच. शेख फजलुल्लाह हे सुहरावर्दी सिलसिल्यातले सूफी, 'जमाली' हे त्यांचे कवीनाव. सिकंदर लोदी, बाबर आणि हुमायून अशा तिघांच्या दरबारात त्यांना मान होता. मक्का-मदिनेपर्यंत प्रवास झालेला, सूफी संतांची चरित्रे सांगणारा 'सियरुल आरिफीन' हा ग्रंथही त्यांचा. मशिदीचे काम 1528-29 च्या सुमारास सुरू झाले. दर्शनी बाजूला पाच कमानी, लाल दगडात संगमरवराच्या पट्ट्या. पुढे पुराना किल्ल्यात शेरशहाने बांधलेली मशीद पाहिली तर घराण्यातले साम्य लगेच दिसते.

मशिदीशेजारी एक छोटी चौकोनी, सपाट छपराची खोली आहे. तिला बहुधा कुलूप असते. पहारेकऱ्याला अदबीने विचारले तर तो उघडतो. आत दोन कबरी. एक जमालींची, 1535-36 मध्ये हुमायूनबरोबर गुजरातेत असताना त्यांचा इंतकाल झाला. दुसरी कमालींची, आणि हे कमाली कोण याचा पक्का पत्ता नाही. त्यामुळे लोकांनी कहाण्या रचल्या, आणि आता तर मोबाइलवर 'दिल्लीतली झपाटलेली मशीद' म्हणून चित्रफिती फिरतात. माझ्या मुलानेही पाहिल्या होत्या. तो जिन शोधायला आत शिरला. अब्बा म्हणाले, "आधी वर बघ." वर लाल-निळ्या रंगांत रंगवलेले, कोरलेले छत आहे, इतके नाजूक काम मी जवळून कधी पाहिले नव्हते. "चुन्यात केलंय," अब्बा हळूच म्हणाले, "ओला असतानाच हात चालला पाहिजे. वाळला की संपलं." जिन शोधायला आलेले चार तरुण आमच्यासमोरच आत डोकावून, छताकडे न पाहता निघून गेले. कुणाला दोष द्यावा? त्यांना वर बघ म्हणणारे कुणी बरोबर नव्हते.

एक गोष्ट वाचकांच्या सोयीसाठी सांगते. या संरक्षित वास्तूंत नमाज पढण्याची परवानगी नसते. वाद घालत बसू नये. हजरत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी (रह.) यांचा दर्गा मेहरौली गावातच आहे, तिथे मशीद आहे. आम्ही जुहरची नमाज तिथेच अदा केली. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याने आपल्या कबरीसाठी त्या दर्ग्याजवळच जागा राखून ठेवली होती. 1862 मध्ये तो रंगूनला, इंग्रजांच्या कैदेत वारला. जागा रिकामीच राहिली.

जफरवर नजर ठेवणारा इंग्रज अधिकारी टॉमस मेटकाफ याचा ठसा या रानावर सगळ्यांत विचित्र आहे. जफर पावसाळ्यात मेहरौलीच्या महालात येई, म्हणून मेटकाफनेही 1840 च्या दशकात इथे आपले ठाणे केले. त्यासाठी त्याने निवडला मुहंमद कुली खानाचा मकबरा. कुली खान हा अकबराची दाई माहम अनगा हिचा मुलगा. मेटकाफने त्या अष्टकोनी मकबऱ्याभोवती खोल्या जोडल्या, कबरीच्या दालनात जेवणाचे टेबल मांडले आणि घराचे नाव ठेवले 'दिलखुशा'. आजूबाजूला विलायतेतल्या जमीनदारांसारखा बाग केला: हिरवळ, तलाव, होडीघर, कबुतरखाना. तलाव आता कोरडा आहे.

विलायतेत त्या काळी बागेत मुद्दाम खोटे पडके अवशेष, मनोरे बांधायची हौस होती. तिथे अशा वास्तूला 'फॉली' म्हणतात. मेटकाफने ती हौस इथेही भागवली. उंचवट्यावर एक छत्री आणि पायऱ्यापायऱ्यांचे एक बुटके शिखर त्याने उभारले. सातशे वर्षांचे खरे अवशेष सभोवती असताना! अनेक लोक या छत्रीतच सर्वांत जास्त फोटो काढतात, तिला सुलतानांच्या काळातली समजून. दिसते सुंदर, मीनारही मागे येतो, तेव्हा फोटो जरूर काढावा, फक्त कुणाची आहे ते मुलांना सांगावे.

मेटकाफबद्दल मला एकाच वेळी राग आणि आभार वाटतात. याच माणसाने दिल्लीच्या वास्तूंची चित्रे मजहर अली खान या चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि पुढे नष्ट झालेल्या कित्येक इमारती त्यांतूनच कळतात. अब्बांना हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "असेल. पण कबरीपाशी बसून घास कसा गेला त्याच्या घशाखाली?"

शेवटी राजों की बावली. बावली म्हणजे आपली बारव. 1506 ची, सिकंदर लोदीच्या काळात दौलतखानाने बांधलेली. चार मजले खोल, पायऱ्या उतरत जाव्यात तसे दोन्ही बाजूंचे कमानदार सोपे उंच होत जातात, आणि तळाला पाणी. वर काठावर छोटी मशीद आणि एक छत्री. पायऱ्या उंच आहेत. वडीलधाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्यावरच बसावे.

धाकट्याने पाटी वाचली, "राजांची विहीर. कोणते राजे, नाना?"

तिथे एक तरुण मुलगी काही लोकांना घेऊन आली होती. इंटॅकसारख्या संस्था दिल्लीत वारसा फेऱ्या काढतात, तशीच ती एक फेरी असावी. तिने आमचे बोलणे ऐकले आणि हिंदीत म्हणाली, "राजे नाहीत. राज म्हणजे राजमिस्त्री. गवंडी लोक या विहिरीवर राहत, पाणी भरत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात."

अब्बा पायरीवर बसले होते. क्षणभर गप्प राहिले, मग मोठ्याने हसले. "लो! ये तो हमारीच बावडी निकली!"

सगळे हसले. मला मात्र माझ्या लग्नाच्या वेळचा कागद आठवला. मुलीच्या वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी माझ्याच अक्षरात 'बांधकाम ठेकेदार' लिहिले होते. अब्बांनी तो कागद वाचला होता. काही बोलले नव्हते. त्यांनी आयुष्यात कधी ठेका घेतला नाही; ते दुसऱ्याच्या ठेक्यावर रोजाने जात. मुलांनाही मी 'नाना बिल्डिंगा बांधायचे' एवढेच सांगत आले. त्या पायरीवर बसून मी मुलांना थापी, ओळंबा, गुण्या म्हणजे काय ते विचारले. एकालाही एकही नाव येत नव्हते. अब्बांनी बुटाची नाडी सोडली, तिला एक खडा बांधला आणि सोप्याच्या खांबाशी धरून दाखवला. पाचशे वर्षांचा खांब नाडीला अगदी समांतर होता. धाकट्याने मग दिसेल त्या खांबाशी नाडी धरायला सुरुवात केली आणि आम्हाला तिथून निघायला आणखी पाऊण तास लागला.

परतीच्या वाटेवर एका पडक्या भिंतीची डागडुजी चालली होती. तीन-चार कामगार, चुन्याचा ढीग, पाण्याची टाकी. अब्बा थांबले. चिमूटभर चुना बोटांत चोळला, वास घेतला आणि त्यांच्यातल्या वयस्क मिस्त्रीला विचारले, किती दिवस भिजवला. सिमेंट घालत नाही ना, हेही विचारले. मिस्त्रीने मान हलवली. सिमेंट जुन्या दगडाला धरत नाही, आतले पाणी बाहेर पडू देत नाही आणि मग दगडच फुटतो, हे दोघेही एकमेकांना असे सांगत राहिले जणू समोरच्याला ते ठाऊकच नाही. मिस्त्रीने हातातली थापी पुढे केली. अब्बांनी बाह्या सरसावल्या.

आमचे हे घड्याळाकडे बघत होते. संध्याकाळची गाडी होती. मी त्यांना खुणेने थांबायला सांगितले.