सोयरसुतक

एखाद्या गोष्टीशी आपला काडीचा संबंध नाही, हे सांगायला मराठीत एक शब्द आहे, सोयरसुतक. घरात बाळ जन्मलं की सोयर, कुणी गेलं की सुतक. दोन्ही पाळायचं ते नात्यातल्यांनी. ज्याचं सोयरही नाही आणि सुतकही नाही, ते आपलं नाही. २०२४च्या फेब्रुवारीत हा शब्द एकाच आठवड्यात दोनदा माझ्या वाट्याला आला. एकदा पाकिस्तानातल्या निवडणुकीवरून, एकदा आमच्या बंड्यावरून.

बंड्या गावठी कुत्रा. पार्किंगमध्ये जन्मला, १४ वर्षं आमच्या घरात राहिला. त्या हिवाळ्यात त्याच्या किडन्या थकल्या. डॉक्टरांनी मानेजवळची कातडी चिमटीत धरून खाली सलाईन कसं सोडायचं ते मला शिकवलं. सलाईन गेलं की तिथे पाण्याचा फुगा यायचा आणि हळूहळू पुढच्या पायाकडे उतरायचा. तो सारखा पाणी प्यायचा, रात्रीतून चार-पाचदा उठायचा. त्याच्याबरोबर मीही.

अशा रात्री काहीतरी बघायला लागतं. मी पाकिस्तानी न्यूज चॅनेल बघू लागले. तिथले अँकर काय बोलतात ते मला कळत होतं आणि आवाज बारीक ठेवला तरी चालत होतं, इतकंच कारण. मग त्यातच अडकले.

८ फेब्रुवारीला मतदान होतं. इम्रान खान तुरुंगात होते. पक्षांतर्गत निवडणुका नीट झाल्या नाहीत म्हणून त्यांच्या पक्षाचं बॅट हे चिन्ह काढून घेण्याचा निर्णय १३ जानेवारीला तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायम ठेवला होता. त्यामुळे सगळे उमेदवार अपक्ष झाले आणि प्रत्येकाला वेगळं चिन्ह मिळालं. कुणाला वांगं, कुणाला बाटली, कुणाला पलंग. एका मतदारसंघातलं चिन्ह शेजारच्या मतदारसंघात चालणार नाही. ज्याला वाचता येत नाही त्याने आपला उमेदवार शोधायचा कसा?

आजीला हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिची शाळा तिसरीपर्यंत. ती आयुष्यभर चित्र बघून मत देत आली आहे. "म्हणजे आपल्या घड्याळासारखं," ती म्हणाली. दोनच दिवसांपूर्वी, ६ तारखेला, आपल्या निवडणूक आयोगाने राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं होतं. त्याआधी वर्षभरापूर्वी धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला होता. आजीला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

मतदानाच्या दिवशी सुरक्षेचं कारण देऊन पाकिस्तानभर मोबाईल सेवा बंद ठेवली. आदल्या दिवशी बलुचिस्तानात बॉम्बस्फोट झाले होते, हे खरं. पण तिथे आपलं मतदान केंद्र कुठे आहे हे कळायला ओळखपत्राचा नंबर ८३०० वर एसएमएस करतात. उमेदवाराचं चिन्हही अनेकजण फोनवरच शोधणार होते. तरीही लोक बाहेर पडले. त्यांनी वांगं शोधलं, पलंग शोधला आणि शिक्का मारला.

रात्री निकाल यायला लागले आणि मग अडकले. मी तशीच बसून राहिले. बंड्याने त्या दिवसापासून खाणं सोडलं होतं. एका हातात सलाईनची नळी, दुसऱ्या हातात फोन. पडद्यावर फॉर्म ४५ आणि फॉर्म ४७ यांच्यावरून भांडण सुरू होतं. पहिल्यावर एका केंद्राची मोजणी, दुसऱ्यावर अख्ख्या मतदारसंघाची. दोन्ही जुळत नाहीत, अशी तक्रार. ग्रुपवर मी त्यावर काहीतरी लिहिलं तर एका मित्राने विचारलं, "पाकिस्तानच्या निवडणुकीचं तुला काय सोयरसुतक?"

१० तारखेला पहाटे बंड्या गेला. माझ्या मांडीवर वगैरे नाही. पाणी प्यायला उठला, भांड्यापाशी बसला आणि आडवा झाला.

ऑफिसच्या ॲपवर सुट्टी टाकायला गेले. घरात मृत्यू झाल्यावरच्या सुट्टीसाठी नातं निवडावं लागतं. आई, वडील, जोडीदार, अपत्य, भावंडं. यादी तिथे संपते. वरिष्ठांना फोन केला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "कुत्र्याचं कुठे सुतक असतं? किरकोळ रजा टाक."

मित्राचंही बरोबर होतं आणि त्यांचंही. लाहोरच्या बाईचं मत मोजलं गेलं की नाही, यात मला काही म्हणायचा हक्क नाही. १४ वर्षं दाराशी वाट बघणाऱ्या जिवाशी माझं यादीत बसणारं नातं नाही. पण आस्था हक्क विचारून येत नाही. रात्रभर कुणासाठी जागं राहिलं की ते आपलं होतं, इतका साधा प्रकार आहे. मला आश्चर्य वाटतं ते याचं की लोक याचा पुरावा मागतात.

त्या दिवशी आजीने देवपूजा केली नाही. बंड्याला तिने कधी देवघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "गुडघे दुखताहेत गं आज." दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखा दिवा लावला. त्यावर आम्ही बोललो नाही.

निकाल पुरे झाले तेव्हा इम्रान यांच्या पक्षाचा पाठिंबा असलेले ९३ अपक्ष निवडून आले होते. नवाझ शरीफ यांच्या पक्षाला ७५ जागा होत्या, पीपल्स पार्टीला ५४. या दोघांनी हातमिळवणी केली आणि ४ मार्चला शाहबाझ शरीफ यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

त्या संध्याकाळी आजीने विचारलं, "त्या बॅटवाल्यांचं काय झालं गं?" सांगितलं. "मग एवढं शोधून शिक्का मारला त्याचा काय उपयोग?" तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी तिला कराचीच्या हाफिज नईम-उर-रहमान यांची गोष्ट सांगितली. जमात-ए-इस्लामीचे हे नेते प्रांतिक विधानसभेवर निवडून आल्याचं जाहीर झालं होतं. त्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की मी जिंकलेलो नाही, समोरचा अपक्ष जिंकला आहे, आणि जागा सोडली.

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाव काय म्हणालीस त्याचं?"

मी पुन्हा सांगितलं.